माझ्या पोटातून पुसलेले नाव

या मित्रांनो, या. असे लांब नका बसू, जरा पुढे सरका. माझा जीव लहान, आवाजही लहान, आणि सांगायची गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही. पण खरी आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखा कुणीतरी खणात पडलेला असेल, म्हणून तुम्हाला ती ऐकवावीशी वाटते.

मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. बोटाच्या दोन पेरांएवढी माझी लांबी. माझा रंग एके काळी लाल होता, आता कडा पांढुरक्या झाल्या आहेत. टोपण कधीच हरवले. मी कोणत्या देशातल्या कोणत्या कारखान्यात जन्मलो ते मला सांगता येणार नाही. जन्मलो तेव्हा माझे पोट अगदी रिकामे होते, एवढे मात्र पक्के आठवते. आज कधी कधी वाटते, तसाच राहिलो असतो तर बरे झाले असते.

सुरतेच्या बाजारातून मला भिकन आबांनी आणले. आबा मूळचे खानदेशातले, पारोळ्याकडचे. तरुणपणी सुरतच्या उधन्यात आले आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खात्यात कामाला लागले. वर्षानुवर्षे यंत्रांच्या खडखडाटात उभे राहून त्यांचा उजवा कान मंद झाला. पण माणूस असा नादिष्ट, की उरलेल्या कानावर कीर्तन ऐकायला दोन मैल चालत जाईल. पुढे त्यांनी स्पीकरचे जुने बॉक्स, एक मिक्सर आणि दोन माइक घेतले आणि 'भिकन साउंड' अशी पाटी रंगवली. सप्ताह असो, बारसे असो, हळद असो, गल्लीत आबांचाच आवाज लागायचा.

माझ्या पोटात त्यांनी सर्वात आधी काय भरले असेल? कीर्तन. योगराज महाराजांचे, एकादशीचे. मित्रांनो, त्या क्षणाचे सुख मी कसे सांगू? टाळ एका लयीत पडत होते, मृदंग मध्येच थांबून पुन्हा उसळत होता, आणि महाराज एकच चरण घोळवून घोळवून असा म्हणत होते, की ऐकणाऱ्याने आपला संसार तिथेच खाली ठेवावा. मी एवढासा, आणि माझ्यात ते सगळे मावले! मला वाटले, मी प्लास्टिकचा नाही, मी देव्हाराच आहे.

आबांचा एक नेम होता. कीर्तन उतरवून घेण्याआधी ते महाराजांना हात जोडून परवानगी विचारत. मग माइक हातात घेऊन नावे सांगत. कीर्तनकार कोण, मृदंगावर कोण, पेटीवर कोण, वीणा कुणाच्या गळ्यात, एवढेच काय, मांडवाला कापड कुणी दिले तेही. लोक चिडवायचे, "आबा, कीर्तन घटकाभराचं आणि नावं दोन घटकांची!"

आबा म्हणायचे, "हसा तुम्ही. देवाच्या दारात ज्यानं घाम गाळला, त्याला बिननावाचं घरी कसं धाडायचं?"

हे वाक्य मी कितीदा तरी ऐकले. म्हणूनच पुढे जे झाले त्याची लाज मला जास्त वाटते.

आबांच्या खोलीला लागून सेल्वराणी राहायची. तिचा नवरा हजीऱ्याच्या कारखान्यात कामाला, आणि तिची स्वतःची इडलीची लारी, म्हणजे हातगाडी. तिरुनेलवेलीकडच्या खेड्यातून ती इथे आली तेव्हा तिला ना हिंदी यायची, ना गुजराती, ना मराठी. आबांच्या बायकोने, उषाबाईंनी, तिला भाजीवाल्याशी भांडायला शिकवले आणि तिथून तिची भाषा सुरू झाली. मग कळण्याची भाकरी तिकडे जाऊ लागली आणि सांबाराचे पातेले इकडे येऊ लागले. आबांची मुलगी गायत्री तर तिच्या इडल्यांवरच वाढली. ती तिला सेल्वी मावशी म्हणायची. एकादशीला सेल्वी कीर्तनाला येऊन बसायची. शब्द तिला कळायचे नाहीत, पण टाळी कधी चुकायची नाही.

गायत्रीचे लग्न ठरले. शनिवारी हळद आणि रविवारी लग्न. आठवडाभर आधी उषाबाई आबांना म्हणाल्या, "अहो, हळदीत सेल्वीसाठी तिच्या भाषेतलं एखादं गाणं लावा की. आपली गाणी ऐकून ऐकून तिचे कान किटले असतील."

आबा म्हणाले, "तिलाच विचारतो ना, कोणतं लावू ते."

"विचारलं तर गंमत काय राहिली? एकदम वाजलं पाहिजे, आणि ती एकदम हरखली पाहिजे!"

आबांना ते पटले. पाहा मित्रांनो, सुरुवात प्रेमातूनच झाली होती. मला खिशात टाकून ते गोपालच्या मोबाइलच्या दुकानात गेले. गोपाल आबांच्याच गावाकडचा, पण जन्म सुरतचा, त्यामुळे त्याच्या जिभेवर तीन भाषा एकदम नांदायच्या.

"गोपाल, तमिळ गाणं पाहिजे रे. खेड्यातलं, अस्सल. हळदीत वाजवायचं."

"आबा, टेन्शन नको. हवं तेवढं मफतमां मळे छे!"

"चोरीचं नको हं बाबा."

गोपाल हसला. "आबा, इंटरनेटवर काय चोरी? तिथे सगळं पडलेलंच असतं. आपण फक्त उचलायचं."

आबांनी मान हलवली. त्या मान हलवण्याला मी साक्षी आहे. ज्या माणसाने महाराजांना विचारल्याशिवाय एक चरण उतरवून घेतला नव्हता, त्याने परक्या गाण्यासाठी कुणाला विचारायचे असते हे मनातसुद्धा आणले नाही.

गोपालने कसल्याशा साइटवरून एक गाणे उतरवले आणि माझ्या पोटात टाकले. मुळातले ते गाणे कुणीतरी आधीच वेग वाढवून पळते केले होते आणि त्याच्याखाली धडाड धडाड ठोका भरला होता. पण त्या गाण्याला एक नाव मात्र अजून चिकटलेले होते. तमिळ अक्षरांतले, गोल गोल वळणांचे. ते एखाद्या माणसाचे नाव आहे, एवढे मला जाणवले. गोपालने डोळे बारीक केले.

"हे कोण वाचणार? गिऱ्हाईक मागणार कसं?" असे म्हणत त्याने ते पुसले आणि तिथे लिहिले, 'साउथ हळद धमाका'.

एका झटक्यात झाले. मला दुखले नाही. आज तेच दुखते, की तेव्हा दुखले नाही.

आबांनी दुकानातच गाणे लावून पाहिले. ठोका ऐकून ते खूश झाले. गोपालच्या दुकानात दोन-तीन डीजेवाले बसले होते. तेही म्हणाले, "आबा, मस्त आहे, आम्हालाही द्या." आबांनी मला त्यांच्या पुढे केले. मी एकाला दिले, दुसऱ्याला दिले, तिसऱ्याला दिले. देताना मी फुगलो होतो. वाटले, पुण्य वाटतो आहे.

शनिवारी चार वाजता गल्लीत मांडव भरला. गायत्री पाटावर बसली होती, गालांना हळद, केसांत हळद. सगळ्या बाया पिवळ्या झाल्या होत्या. सेल्वी घाईघाईने लारी बंद करून आली. गायत्रीच्या केसांत माळायची फुले ती स्वतः ओवणार होती, त्यांचा नमुना म्हणून तिने एका ताटात छोटा गजरा आणला होता. आबांनी तिला पाहिले, उषाबाईंना खूण केली आणि माझ्यातले गाणे लावले.

ठोका सुरू झाला. त्यावर एका म्हातारीचा आवाज आला, उंच, चिरत जाणारा. बाया उठल्या आणि नाचू लागल्या. आबांची बहीण प्रमिलाबाई सर्वांत पुढे. तिने सेल्वीचा हात धरून तिला ओढले.

"ये वं सेल्वी! हाई तर तुनं गानं शे! नाच ना!"

सेल्वी नाचली नाही. तिच्या चेहऱ्यावरचे हसू अर्ध्यातच थांबले. ती बॉक्सकडे पाहत राहिली, जणू बॉक्सच्या आत कुणीतरी कोंडले आहे. मग तिने ताट खाली ठेवले. बायांमधून वाट काढत ती मिक्सरपाशी आली.

"भिकनभाई, बंद करो."

बॉक्सचा आवाज एवढा होता, की आबांना ऐकू गेले नाही. त्यातून त्यांचा तो मंद कान. ते हसून म्हणाले, "आवडलं ना? खास तुझ्यासाठी!"

तेव्हा तिने हात घातला आणि मलाच उपसून काढले. मांडव एकदम गप्प झाला. मी तिच्या मुठीत होतो.

"ये मेरी अम्मा है," ती म्हणाली. "अम्मा रो रही है, भाई. और तुम लोग नाच रहे हो."

तिने मला आबांच्या तळहातावर ठेवले आणि ती निघून गेली. ताट तिथेच राहिले. प्रमिलाबाई अजून एक हात वर करून उभी होती. तो हात खाली घ्यायचे तिला सुचत नव्हते.

हळद कशीबशी उरकली. गायत्रीने जेवणाला हात लावला नाही. एवढेच म्हणाली, "मावशी उद्या आली नाही, तर माझ्या केसांत फूल कुणी माळायचं नाही."

रविवारी सकाळी आबा आणि उषाबाई शेजारी गेले. मी आबांच्या सदऱ्याच्या खिशात होतो. सेल्वीने दार उघडले. तिचे डोळे सुजले होते, तरी तिने आधी पाण्याचे तांबे भरून आणले. मग ती बोलू लागली. अर्धे हिंदीत, अर्धे उषाबाईंनी शिकवलेल्या मराठीत.

तिच्या आईचे नाव पेचियम्माळ. सेल्वीचा एक भाऊ होता, वेलुसामी. विहिरीचे काम करताना तो गेला, वय चोवीस. त्याच्या प्रेताजवळ बसून पेचियम्माळने जे म्हटले, त्याला त्यांच्याकडे ओप्पारी म्हणतात. मेलेल्याला हाका मारत, त्याच्या लहानपणापासूनचे एकेक आठवत, सुरात रडायचे.

उषाबाई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडेही बाया असंच हेल काढून रडतात वं."

"हां. वही," सेल्वी म्हणाली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, खेड्यापाड्यांतली गाणी जमवणारी मदुराईकडची काही माणसे त्यांच्या गावात आली. म्हातारी आधी तयार होईना. मग एका अटीवर तिने ती ओप्पारी पुन्हा म्हटली. गाण्यासोबत माझ्या मुलाचे नाव लिहा, आणि हे कुणी मौजेसाठी वाजवू नका. त्या माणसांनी शब्द दिला आणि पाळलाही. सेल्वीने मोबाइलवर त्यांचे पान उघडून दाखवले. तिथे तेच गाणे होते, पण पळते नव्हे, ठोका भरलेले नव्हे. नुसता आवाज, आणि दोन ओळींमध्ये म्हातारीचा श्वास. खाली लिहिलेले होते: गाणारी पेचियम्माळ, मुलगा वेलुसामी, प्रसंग काय, शब्दांचा अर्थ काय. कुणीही तिथे जाऊन मोकळेपणाने ऐकावे. समारंभात वाजवायचे असेल तर मात्र विचारावे. विचारायचे कुठे, तेही दिले होते.

पेचियम्माळ गेल्या वर्षी वारली. तिचा आवाज ऐकावासा वाटला की सेल्वी ते पान उघडायची. एकटी, दार लावून.

उषाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्या आबांकडे वळल्या. "मृदंगवाल्याचं नाव घेता, पेटीवाल्याचं घेता, मांडवाच्या कापडाचंसुद्धा घेता. या माउलीचंच कसं राहिलं हो तुमच्याकडून?"

आबांनी खाली पाहत म्हटले, "नाव तमिळमध्ये होतं. मला वाचता आलं नाही."

"वाचता नाही आलं, तर मला विचारायचं होतं," सेल्वी म्हणाली. "मैं तो दीवार के उस पार हूँ, भाई. भिंतीच्या पलीकडे."

"ते माझंच चुकलं," उषाबाई म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं, विचारू नका."

आबांच्या छातीचे ठोके मला खिशातून ऐकू येत होते. ते म्हणाले, "आज मांडवात, सगळ्यांसमोर माइकवरून सांगतो. माफी मागतो."

सेल्वीने मान हलवली. "नको. लग्नघरात मरणाचं नाव नको. अम्मालाही नाही आवडणार. आज गायत्रीची शादी होऊ द्या." मग ती म्हणाली, "एकच करा. जिथं जिथं दिलं, तिथून काढा."

ती लग्नाला आली. तिने गायत्रीच्या केसांत मोगरा असा माळला, की नवऱ्याकडच्या बाया येऊन विचारू लागल्या. मित्रांनो, ती रागावली असती, न येता घरी बसली असती, तर आबांना सोपे गेले असते. ती आली, हसली, तिने पंगतीत वाढले. आबांना दिवसभर तिच्याकडे मान वर करून पाहता आले नाही. मलाही नाही. पण मला मान नाही, म्हणून ते कुणाला दिसले नाही.

सोमवारी आबांनी माझ्यातून ते गाणे पुसले. मग ते गोपालकडे गेले. गोपालने सगळे ऐकले. त्याचा चेहरा पडला. आपल्या संगणकातून त्याने ते लगेच काढले. पण म्हणाला, "आबा, माझ्याकडून गेलं ते गेलं. ज्यानं नेलं, त्यानं पुढे कुणाला दिलं, ते मी कुठं शोधू? उधना, पांडेसरा, सचिन... सुरतेच्या कुठल्याही भागात असेल."

आबा सायकल काढून फिरले. तीन डीजेवाल्यांपैकी दोघांनी पुसले. तिसरा हो म्हणाला, पण त्याने समोर पुसले नाही.

गायत्री माहेरी आली तेव्हा तिने मदुराईच्या त्या माणसांना पत्र लिहिले. घडले ते सगळे लिहिले, काही लपवले नाही. आणि विचारले, की आमच्या कीर्तनाच्या बैठकीत ही ओप्पारी तिच्या अर्थासह, शांत बसून, एकदा ऐकता येईल का? चार दिवसांत उत्तर आले. सेल्वराणीची हरकत नसेल तर आमची नाही, असे त्यांनी कळवले होते. हळदीला वाजवण्यासारखी मंगल गाणी पेचियम्माळने वेगळी गायली आहेत, तीही त्यांनी पाठवली. आणि शेवटी लिहिले होते, विचारल्याबद्दल आभार. आबांनी ती ओळ गायत्रीकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "पोरी, एका पत्राचं काम होतं गं."

एकादशीला योगराज महाराजांनी निरूपणाला उभे राहण्याआधी माइक आबांच्या हातात दिला. हळदीत नाचलेल्या सगळ्या बाया समोर होत्या. आबा म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला नाचवलं. ते हळदीचं गाणं नव्हतं. एका आईनं पोटच्या पोरासाठी केलेला आकांत होता. तो मी विचारल्याशिवाय उचलला, आणि उचलताना तिचं नाव टाकून दिलं. गोपालचा यात दोष कमी आहे, माझा जास्त. मला नावाची किंमत माहीत होती."

त्यांनी माइक महाराजांपुढे धरला. महाराजांनीच सांभाळून घेतले. ते म्हणाले, "आपल्या प्रत्येक अभंगाच्या शेवटी तो रचणाऱ्या संताचं नाव आहे. शेकडो वर्षं आपण ते आदरानं उच्चारतो. ते गाळून कुणी अभंग म्हटला, तर आपण त्याला टाळकरी म्हणू का? मग दुसऱ्याच्या अंगणातलं गाणं घेताना आपला हा आदर कुठं जातो?"

मग ती ओप्पारी वाजली. माझ्यातून नाही. गायत्रीने ती त्या पानावरूनच लावली, आणि सेल्वीने एकेका ओळीचा अर्थ सांगितला. तुझे पहिले पाऊल मी शेणाने सारवलेल्या अंगणात पाहिले, असे काहीसे त्यात होते. प्रमिलाबाई रडत रडत सेल्वीजवळ सरकली. "माफ कर वं बहीण," म्हणाली. "माले काय ठाऊक!" सेल्वीने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

मला वाटले, चला, धुऊन निघालो. मित्रांनो, मी चुकलो.

दोन महिन्यांनी आबा एका सप्ताहाचे सामान आणायला निघाले होते. मी नेहमीसारखा खिशात. उधन्याच्या रस्त्यावर एक वरात अडून राहिली होती. दिवे, फटाके, घोड्यावर नवरदेव. आणि बॉक्समधून धडाड धडाड ठोक्यावर पेचियम्माळ आपल्या मुलाला हाका मारत होती.

आबा सायकल तिथेच टाकून गर्दीत घुसले. डीजेच्या गाडीवर चढून त्यांनी त्या माणसाचे हात धरले. "भाऊ, बंद कर. पाया पडतो. हे रडणं आहे, हे मेलेल्या पोराचं रडणं आहे."

त्याने आबांकडे निरखून पाहिले. हा तिसरा डीजेवाला नव्हता, कुणी चौथाच होता. "अरे, तुम्ही भिकन साउंडवाले ना?" तो म्हणाला. "हे तर तुमच्याच लाल पेनड्राइव्हमधलं गाणं आहे, आबा. सगळे तेच वाजवतात."

त्याने दुसरे गाणे लावले. भला माणूस होता. पण 'सगळे' हा शब्द आबांच्या छातीवर आणि माझ्या पाठीवर एकदमच बसला.

आता मी काय सांगू? माझ्यातले मी पुसू शकतो, पण मी जे दिले ते परत मागवू शकत नाही. मला पाय नाहीत, तोंड नाही. तुम्हाला आहे. म्हणून हात नसताना हात जोडतो. गाणे आवडले, मग ते तमिळ असो, भिलोरी असो, कोणतेही असो, तर ते जिथे गाणाऱ्याच्या नावासह आणि परवानगीने ठेवलेले आहे तिथे जाऊन ऐका. घरी उतरवून घ्यायचे असेल किंवा मांडवात वाजवायचे असेल, तर विचारा. कुठे विचारायचे ते कळत नसेल, तर त्या भाषेचे माणूस शोधा. ते बहुतेक वेळा जवळच राहत असते.

आणि कुठल्या वरातीत, कुठल्या हळदीत, पळत्या ठोक्यावर एका म्हातारीचा चिरणारा आवाज तुमच्या कानावर पडला, तर भांडू नका. वाजवणाऱ्याच्या जवळ जा आणि हळूच सांगा, की दादा, ही पेचियम्माळ आहे, आणि ती तिच्या वेलुसामीला हाक मारते आहे. तो ऐको न ऐको, तुम्ही क्षणभर थांबा आणि तिची आठवण करा.